वरातीच्या गाडीचा डायनामो

लग्नसराईत मी बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचो आणि बाकीचं वर्ष अमरावतीला एका दुकानात गाड्यांचे डायनामो भरायचो, म्हणजे जळालेली तांब्याची तार काढून नवी गुंडाळायचो. दोन्ही कामांत फारसं बोलावं लागत नाही, म्हणून मला दोन्ही आवडायची.

भाव पडलेल्या कापसाने माणसांची पार दशा करून टाकली होती, त्या वर्षांतली ही गोष्ट. लग्नं काही थांबली नव्हती, पण आमच्या बँडचे मालक, त्यांना आम्ही सगळे चाचा म्हणायचो, त्यांच्याकडे येणारे वरबाप आता "पुरा बँड नोको, अर्धा पाठवा" म्हणू लागले. अर्धा बँड म्हणजे ढोल, ताशा आणि गाणं ओळखू येईल इतपत काहीतरी. चाचांनी यावर उपाय काढला. एक जुना टेम्पो घेतला, त्यावर भोंगे, ॲम्प्लिफायर, कॅसिओचा कीबोर्ड आणि चहूबाजूंनी रंगीत दिवे लावले. कॅसिओतून सनई निघायची, ट्रम्पेट निघायचं. क्लॅरिनेटही निघायचं. मी बटण दाबून ऐकलं. वाईट नव्हतं, आणि त्याचाच मला राग आला.

आता एवढ्या सामानाला वीज कुठून आणायची? टेम्पोचा मूळचा डायनामो हेडलाइट आणि हॉर्नपुरता. बँडमध्ये विजेचं समजणारा मी एकटाच, म्हणून चाचांनी मला विचारलं. ज्या गाडीमुळे माझं वाजवणं जाणार होतं, तिच्या डायनामोचं माप मीच काढायचं होतं. काढलं. दिवे, ॲम्प्लिफायर, कॅसिओ, तो वाजवणाऱ्याचा पंखा, सगळ्यांची बेरीज पन्नास अँपिअरच्या आसपास गेली.

"नव्वदचा पाह्यजे, चाचा," मी म्हणालो.

"पन्नास लागते, त नव्वदचा कायले? साठचा घेऊ."

"इंजिन जोरात पयलं त साठ. वरातीत इंजिन पयते का? नुसतं घुरघुरते. तेवढ्यात तो निम्मेबी देत नाही."

चाचा म्हणाले, "तुले गाडीच नाही पाह्यजे. म्हणून इतका महागाचा सांगून राहिला तू."

गाडी मला नकोच होती. पण नव्वद हा आकडा खरा होता. चाचांनी नवे डायनामो विकणाऱ्या एका दुकानदाराकडून बेरीज तपासून घेतली. तो बेरीज बरोबर आहे म्हणाला आणि त्याने साठचा दिला. अमरावतीहून अकोल्याला पळणाऱ्या गाडीला तो पुरलाही असता. आमच्या गाडीला मारुतीच्या पारापासून मांडवापर्यंत जायचं होतं.

पहिली वरात वरूडला, एका संत्र्याच्या व्यापाऱ्याकडे. खबरदारी म्हणून चाचांनी अर्धा बँडही सोबत घेतला, त्यात मी होतो. रस्ताभर दिवे झगझगत होते, भोंगे वाजत होते, आणि चाचा मधूनमधून वळून माझं तोंड बघत होते.

संध्याकाळी नवरदेव घोड्यावर बसला. वरात निघाली आणि थांबली. आमच्याकडे वरात चालते कमी, उभी जास्त राहते. नवरदेवाचे मामा नाचले, मग मामांचे दोस्त नाचले, मग जे नाचणार नाही म्हणत होते त्यांना धरून आणलं. बॅटरीने थोडा वेळ तग धरला. मग दिवे मंदावले आणि कॅसिओतल्या सनईचा गळा बसला.

"रेस दे, रेस!" चाचा ओरडले.

ड्रायव्हरने रेस दिली. दिवे उजळले, वरातीतली मंडळी धुरात खोकायला लागली, आणि घोडा कोणासाठी न थांबता नवरदेवासकट मांडवाकडे निघाला. रेस सोडली की पुन्हा अंधार. शेवटी भोंगे गप्पच झाले. मी क्लॅरिनेट तोंडाला लावलं ते थेट मांडवापर्यंत. खोटं कशाला बोलू, इतकं चांगलं मी त्याआधी कधी वाजवलं नव्हतं. मामांनी तर मला मिठीच मारली. मला वाटलं, वाचलो.

दुसऱ्या दिवशी चाचा नव्वदचा डायनामो मांडीवर घेऊन रिक्षातून आमच्या दुकानात आले. तो बाकड्यावर ठेवून म्हणाले, "तू खरं बोलून राहिला होता. आता तूच बसव. दुसऱ्यावर भरोसा नाही मले."

चाचांच्या तोंडून असं काही ऐकायला मिळावं, असं मला फार वर्षांपासून वाटत होतं. आनंद झाला.

बसवला. जाड वायर टाकली, पट्टा ताणला. थोडा ढिला सोडला असता तर डायनामो कमी फिरला असता, आणि कोणाला कळलंही नसतं. मी बोटाने दाबून पाहिला आणि आणखी आवळला. मग इंजिन नुसतं घुरघुरत ठेवून सगळे दिवे लावले, कॅसिओ लावला, भोंगे लावले. एकही दिवा मंदावला नाही. चाचांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

त्या सराईत गाडी एकदाही बंद पडली नाही. मला बोलावणं आलं नाही.