जिंगलवाले खंडूभाऊ

खंडूभाऊ जाहिरातीची ओळ लिहायचे टेबलावर, पण तपासायचे रस्त्यावर. ओळ जमली असं वाटलं की ते चपला घालून आमच्या उस्मानपुऱ्यातल्या ऑफिसचा जिना उतरत, खाली सलीमभाईंच्या चहाच्या हॉटेलसमोर रिक्षा-टेम्पोंच्या गोंगाटात उभे राहत आणि ती ओळ एकदा मोठ्यानं म्हणत. एकदाच. मग सलीमभाईंकडं बघत. सलीमभाईंनी चहा गाळता गाळता ती परत म्हणून दाखवली तर ओळ पास. "क्या बोले भाऊ?" असं विचारलं, तर कागद तिथंच फाडून खंडूभाऊ वर येत. "हॉर्नात वाहून गेली," एवढंच सांगत आणि पुन्हा लिहायला बसत.

मी त्या जाहिरात एजन्सीत चित्रकार म्हणून लागले, तेव्हा पहिल्याच दिवशी हा प्रकार पाहिला आणि मला वाटलं, हा माणूस जरा हललेला आहे. आठवडाभरानं माझ्या लक्षात आलं की घरी आई भाजी चिरताना त्यांचीच एक ओळ गुणगुणतेय. साडीच्या दुकानाची. तिला ती कुणी लिहिली ते माहीत नव्हतं. शहरात कुणालाच माहीत नसायचं.

खंडूभाऊ फुलंब्रीकडच्या एका धनगरवाड्यावर वाढलेले. वडील मेंढरं राखायचे आणि रात्री ढोलावर ओव्या म्हणायचे. "आमच्या बाला सही येत नव्हती," ते सांगत, "पण रातभर गायचा आन् एक अक्षर घसरायचं नाय. त्याची विद्या मी साडीच्या दुकानाला विकली, एवढंच माझं शिक्षण." असं म्हणून ते मनापासून हसत. त्यांची दोन बोटं सतत कशावर तरी वाजत असायची. टेबल, स्कूटरची सीट, जेवणाचा डबा, काहीही चालायचं. माझ्या चित्राखालचा मजकूर वाचताना एखादा शब्द टोचला की बोटं थांबत. "दिमाखदार? मीनल, तुझी आई म्हणती का गं घरात दिमाखदार?" मी नाही म्हणायचे. "मग कशाला त्या बिचाऱ्या पंख्याला दिमाखदार करायलीस? हवा देतो म्हण."

एका वर्षी एजन्सीकडं मोठं काम आलं. दारूच्या एका कंपनीच्या सोड्याची जाहिरात. दारूची जाहिरात करायला बंदी, म्हणून नाव तेच, बाटलीचा घाट तोच, लेबलाचा रंगही तोच, आणि खाली बारीक अक्षरात 'सोडा'. आमचे मालक जोशीसर सगळ्यांना बजावून सांगायचे, "आपण सोडा विकतोय, लक्षात ठेवा." खंडूभाऊ स्वतः पीत नसत, पण पिणाऱ्याला नावंही ठेवत नसत. त्यांच्यासाठी ते इतर कामांसारखंच एक काम होतं. दुपारभर टेबल वाजवून त्यांनी ओळ काढली:

चार यार, गार गार, टेन्शन सगळं हद्दपार!

खाली जाऊन म्हणाले, तर सलीमभाईंनी नुसती परत म्हटली नाही, किटलीच्या झाकणावर ताल धरला. ओळ तुफान चालली. स्थानिक रेडिओवर, सिनेमाच्या आधी, मॅच बघताना टीव्हीवर, सगळीकडं गच्चीवर बसलेले चार देखणे मित्र आणि ती ओळ. जोशीसरांनी ऑफिसात पेढे वाटले.

त्याच हिवाळ्यात खंडूभाऊंच्या मुलीच्या शाळेचं स्नेहसंमेलन होतं, गारखेड्यात. गौरी तेव्हा चौथीत होती. रंगमंचाचा पडदा मी रंगवून दिला होता, म्हणून खंडूभाऊ आणि शालनवहिनींनी मला आग्रहानं नेलं. 'जाहिरातींची गंमत' नावाचा एक कार्यक्रम होता. मुलांनी आपापल्या आवडीची जाहिरात करून दाखवायची. कुणी साबण झालं, कुणी टूथपेस्ट झालं. मग चार मुलं हातात कागदी पेले घेऊन आली. त्यांनी पेल्याला पेला लावला आणि एका सुरात सुरू केलं, "चार यार, गार गार..." एक जण झिंगल्यासारखा डुलत डुलत पडला. हॉल हसून कोसळला. दुसऱ्यांदा ओळ आली तेव्हा सगळे आईबापही टाळ्या वाजवत गायला लागले.

मी कौतुकानं खंडूभाऊंकडं वळले. एवढा ताल चालू असताना त्यांची बोटं गुडघ्यावर तशीच पडून होती.

कार्यक्रम संपल्यावर मैदानात आम्ही भेळ खात उभे होतो. खंडूभाऊंनी गौरीला विचारलं, "गौरे, ती पोरांनी केली ती जाहिरात कशाची हाय गं?"

"दारूची."

"सोड्याची हाय ती. बाटलीवर लिहिलंय की."

गौरीला हसू आवरेना. "बाबा, सोडा पिऊन कुणी एवढं नाचतं का? आमच्या वर्गात सगळ्यांना माहितीये." मग भेळेचा घास घेत ती सहज म्हणाली, "मोठ्या झालो की आम्ही चौघी मैत्रिणी पण तसंच गच्चीवर बसणार आहोत. आमचं ठरलंय."

शालनवहिनी तिला रागवायला पुढं झाल्या, तर खंडूभाऊंनी त्यांना हातानं थांबवलं. रुमाल काढून गौरीच्या तोंडाची चटणी पुसली. घरापर्यंत ते स्कूटर हातानं ढकलत चालत आले आणि आम्ही तिघी त्यांच्या मागं.

पुढच्या महिन्यात कंपनीचा एक साहेब ऑफिसात आला. जाहिरातीचा दुसरा भाग हवा होता. या वेळी कार्टून हवं, एक पेंग्विन, गळ्यात मफलर, बाटली घेऊन घसरत येणारा. मी त्याचं कच्चं चित्र काढून ठेवलं होतं. साहेब समजावून सांगत होता की आमचा ग्राहक पंचविशीच्या पुढचा आहे, लहान मुलांचा इथं संबंधच नाही.

खंडूभाऊंनी शांतपणे विचारलं, "साहेब, पेंग्विन पंचविशीच्या पुढच्या माणसासाठी असतो व्हय?"

साहेब हसला. "भाऊ, मुलं बघतात म्हणून जाहिरात मुलांची होत नाही."

"मी ढोलापाशी वाढलेला माणूस हाय," खंडूभाऊ म्हणाले. "ढोल वाजला की म्हातारं उठतं, तसं पाळण्यातलं पोर बी पाय हलवतं. ढोल वय विचारत नाय. माझी ओळ कुणाच्या कानात शिरली ते मी डोळ्यांनी बघून आलोय. पुढची मला लिहायला जमायची नाय."

साहेब गेल्यावर जोशीसर खंडूभाऊंच्या टेबलाशी आले. ते चिडलेले नव्हते, घाबरलेले होते. "खंडू, तू नाही लिहिलंस तर दुसरा कुणी लिहीलच की रे."

"लिहू द्या. त्याच्या लेकराला काय सांगायचं ते त्याचं त्यो बघंल. मला माझ्या लेकरापुढं बसून जेवायचं असतंय, सर."

मग माझ्याकडं येऊन त्यांनी पेंग्विनचं चित्र बराच वेळ पाहिलं. "लई गोड काढलायस गं," म्हणाले. "तेच वाईट झालंय." मी कागद उलटा करून ठेवला. पेंग्विन पुढं पुण्यात कुणीतरी पूर्ण केला. गारखेड्याच्या एका चौकात, शिकवणीच्या क्लासेससमोर त्याचं मोठं होर्डिंग लागलं, आणि त्यावर ओळ खंडूभाऊंचीच, जुनी होती. जोशीसरांनी त्यांना कामावरून काढलं नाही, पण मोठी कामं देणं बंद केलं. खंडूभाऊ पुन्हा साड्या आणि बियाण्यांवर आले.

त्याचं त्यांना काही वाटलं नाही. वाटायचं ते वेगळंच. रस्त्यात एखादं पोरगं ती ओळ गात सायकलवरून गेलं की ते वळून बघत राहायचे. एकदा मला म्हणाले, "कळपातून गेलेलं कोकरू हाक मारली की माघारी येतं, मीनल. तोंडातून गेलेली ओळ येत नाय."

मग एके दिवशी ते गौरीच्या शाळेत जाऊन मुख्याध्यापिकाबाईंना भेटले आणि दर शनिवारचा एक तास मागून घेतला. तक्ते रंगवायला मला सोबत नेलं. सहावी-सातवीचा वर्ग होता. खंडूभाऊंनी फळ्यावर ती ओळ लिहिली आणि सांगितलं, "ही मी लिहिली." मुलांनी जोरात टाळ्या वाजवल्या. कुणीतरी शिट्टीही मारली. खंडूभाऊ ओशाळले, पण त्यांनी टाळ्या संपू दिल्या.

"आता ती कशी लिहिली ते सांगतो," ते म्हणाले. "'यार' कशाला घातला? तुम्हाला दोस्त पाहिजे असतात म्हणून. 'टेन्शन' कशाला? परीक्षेचं येतं का नाय? 'गार गार' जिभेला गुदगुल्या करतं, म्हणून. आता मला सांगा, ह्यात विकायचं काय हाय? बाटलीत काय हाय ते मी कुठं सांगितलंय?"

मुलं ओळ पुन्हा पुन्हा वाचू लागली.

"नाय सांगितलं. जे सांगितलं नाय, तेच विकायचं होतं."

तेवढ्यात मागच्या बाकावरून एक मुलगा उठला. ओंकार नाव त्याचं, किरकोळ, शर्टाची वरची गुंडी लावलेला. "पण सर, चार यार नसतात. माझे पप्पा एकटेच बसतात."

कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. खंडूभाऊंनी खडू ठेवला. मागं जाऊन ते ओंकारच्या शेजारी त्या बुटक्या बाकावर कसेबसे मावून बसले. गुडघे बाकात बसेनात म्हणून पाय बाहेर काढावे लागले.

"मग तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक हाय," ते हळू आवाजात म्हणाले. "पप्पा बोलतात का तुझ्याशी?"

"प्यायच्या आधी बोलतात."

घंटा झाली, मुलं पळाली. दोघं तसेच बसून होते. मी तक्ते गुंडाळत दाराशी थांबले. थोड्या वेळानं खंडूभाऊ उठले आणि ओंकारला म्हणाले, "चल, तुझं घर दाखव."

ओंकारचे वडील दिगंबर चिकलठाण्याच्या एका कारखान्यात मशीनवर होते. त्या दिवशी त्यांना सुट्टी होती. दारात अनोळखी माणूस बघून आणि शाळेचं नाव ऐकून ते भडकलेच. "तुम्ही कोण मला शिकवणार?"

"शिकवायला नाय आलो," खंडूभाऊ म्हणाले. "एकटेच बसता असं ऐकलं, म्हणून आलो. चहा पाजा."

दिगंबर थोडा वेळ दार धरून उभे राहिले. मग आत वळून त्यांनी बायकोला चहा टाकायला सांगितला.

तेव्हापासून रविवार ठरून गेला. संध्याकाळी दिगंबर खंडूभाऊंच्या इमारतीसमोरच्या कट्ट्यावर येत, शालनवहिनी वरून चहा पाठवत. बोलणं म्हणावं तर काहीच नसे. मेंढरं, मशीन, कुणाच्या गावाला पाऊस किती झाला, असलं काहीतरी. कधी दिगंबर यायचे नाहीत. मग खंडूभाऊच त्यांच्याकडं जाऊन, ते असतील त्या अवस्थेत, शेजारी बसून यायचे. मी एकदा विचारलं, "सुटली का हो त्यांची?"

"रविवारची सुटली," खंडूभाऊ म्हणाले. "बाकीचे वार बघू हळूहळू. मला बी काय घाई नाय."

शनिवारचा तास पुढं कितीतरी वर्षं चालू राहिला. पेंग्विनचं होर्डिंग उतरलं, तिथं दुसरं काहीतरी लागलं, मग जाहिराती मुलांच्या हातातल्या फोनमध्येच येऊ लागल्या. खंडूभाऊंचा त्यावर उपाय तोच. त्या शाळेतल्या मुलांना एका खेळाचा नादच लागला होता. कुठलीही जाहिरात लागली की एक जण ओरडायचा, "ह्यात विकायचं काय हाय?" आणि बाकीची मुलं शोधायला लागायची. चुकीची उत्तरंही खंडूभाऊ फार मन लावून ऐकायचे.

गेल्या हिवाळ्यात ते गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. मी पोचले तेव्हा घर माणसांनी भरलं होतं. साडीच्या दुकानाचे मालक होते, जोशीसर काठी टेकत आले होते आणि कोपऱ्यात लहान मुलासारखे रडत होते. सलीमभाई हॉटेल बंद करून आले होते. दाराशी दिगंबर उभे होते, केस पिकलेले, अंगात इस्त्रीचा शर्ट. शेजारी ओंकार, आता बापापेक्षा उंच. दिगंबर येणाऱ्यांच्या चपला नीट लावत होते. त्यांना ते काम कुणीच सांगितलं नव्हतं.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले. मी आणि गौरी भांडी आवरत होतो. दिगंबर निघायला म्हणून शालनवहिनींसमोर आले. हात जोडून ते नुसते उभे राहिले.

वहिनींनी डोळ्याला पदर लावला आणि म्हणाल्या, "भाऊजी, रविवारी येत जा. हे नसले म्हणून काय झालं, चहा तर मीच करायचे की."

दिगंबरांनी मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते मला कळलं नाही. ओंकारनं बापाच्या पाठीवर हात ठेवला आणि दोघं जिना उतरून गेले.

रविवारी संध्याकाळी मला राहवेना. मी गारखेड्याला त्यांच्या घरी गेले. शालनवहिनी चहाचा ट्रे घेऊन जिना उतरत होत्या. आणि कट्ट्यावर दिगंबर आधीच येऊन बसले होते.