वेलाकडे बोट

आमच्या घरात बोट दाखवायची बंदी होती. कुंभार पिंपळगावातलं घर, मागच्या भिंतीवर दोडक्याचा वेल आणि सासूबाईंचा नेम: कोवळ्या दोडक्याकडे सरळ बोट केलं की तो सडतो. दाखवायचंच असेल तर बोट वाकडं करून दाखवायचं. आम्ही बौद्ध, आजेसासऱ्यांनीच देव-देव्हारे घराबाहेर काढले होते. दोडका तेवढा राहून गेला. मी शाळेत मुलांना विज्ञान शिकवते, तरी वेलाजवळ गेले की माझंही बोट आपोआप वाकडं व्हायचं.

माझी मुलगी तीन वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. हाक मारली तर वळायची नाही, पण लांबची पिठाची गिरणी सुरू झाली की कानांवर हात ठेवायची. पाणी हवं असलं की माझं मनगट धरून माठापाशी न्यायची आणि माझा हात तांब्यावर ठेवायची. तोंडाकडे बघायची नाही. मला ते फार लाघवी वाटायचं. सासूबाई म्हणायच्या, "गरीब लेकरू हाय. बोट न्हाई, बडबड न्हाई." गल्लीभर तिचं कौतुक व्हायचं आणि ते मी खुशाल पदरात घेत होते.

पहिली शंका काढली ती शेजारणीनं. त्यांच्या घरात उर्दू बोलतात. त्यांची मुलगी माझ्या मुलीच्याच वयाची, दिवसभर आमच्याच अंगणात. एकदा त्या अडखळत म्हणाल्या, "ताई, बुरा नका मानू. तुमची पोरगी माझ्याकडं बघतच न्हाई. एक बार डॉक्टरला दाखवून घ्या."

माझं डोकंच फिरलं. "आमच्यात लेकरं मोठ्यांच्या डोळ्यांत डोळे घालत न्हाईत," मी म्हणाले. म्हणजे तुमच्यात घालतात, हे न बोलताच पोचलं. शिवाय ते खोटंही होतं. वर्गात दिवसभर "माझ्याकडे बघा" असं मीच ओरडत असते. त्या बिचाऱ्या आपल्या मुलीला हाक मारून घरात गेल्या.

तरी मनात किडा वळवळत राहिला. मुलीला घेऊन जालन्याला गेले. डॉक्टर तरुण होते, लांबच्या शहरातून आलेले. समोरच्या कागदावरचे प्रश्न ते भराभर विचारत गेले. एखादी वस्तू दाखवायला बोट करते का?

"नाही," मी म्हणाले, आणि वर अभिमानानं सांगितलं, "आमच्याकडे ते चांगलं मानत नाहीत. तसं शिकवलेलंच आहे."

डोळ्यांत बघते का? लाजाळू आहे. बोलत का नाही? घरात मराठी, शेजारी उर्दू, गोंधळत असेल. प्रत्येक प्रश्नाला माझ्याकडे घरचं एक कारण तयार होतं. त्यांनीही मान डोलावली. आमच्या रीतीभातींत कशाला पडा, असं त्यांना वाटलं असावं. सहा महिने वाट बघू, म्हणाले. मी इतकी हलकी झाले की येताना जालन्यातच, मस्तगडातल्या एका दुकानातून तिला फ्रॉक घेतला.

ते सहा महिने सरत आले तेव्हा वेलाला दोडके लागले होते. मी कपडे वाळत घालत होते. शेजारची मुलगी धावत वेलाखाली आली आणि वर बघून थबकली. सासूबाईंची तंबी तिलाही तेवढीच होती. तिनं बोट वर केलं, मग तिला आठवलं आणि तिनं ते चटकन वाकडं केलं.

"काकू, वो देखो! दोडका!"

बोट तसंच वाकडं ठेवून ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली, मी "दिसला गं" म्हणेपर्यंत. माझी मुलगी शेजारीच उभी राहून भिंतीच्या पोपड्यावर नख फिरवत होती.

ओला कपडा माझ्या हातातच राहिला. बंदी दोघींना सारखीच होती. त्या पोरीनं बोट वाकवलं, पण दाखवायचं सोडलं नाही. माझ्या मुलीनं सरळ, वाकडं, कसलंच बोट कधी केलं नव्हतं. "हे बघ" असं ती मला डोळ्यांनीसुद्धा कधी म्हणाली नव्हती. मग त्यातलं आम्ही शिकवलेलं कुठलं आणि तिचं स्वतःचं कुठलं? मी इतकी गोंधळले की मला रडूही येईना.

दुसऱ्या खेपेला शेजारीण माझ्यासोबत आल्या. मी माफी मागितली नाही, त्यांनीही ती मागायला लावली नाही. या वेळी मी डॉक्टरांना एकही कारण सांगितलं नाही. बऱ्याच वेळानं ते म्हणाले, ऑटिझम. आता तिला रोज बोट करून एकेक वस्तू दाखवा, नाव सांगा, असंही म्हणाले.

घरी आल्यावर सासूबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "मंग हे मी शिकवलं म्हणून झालं का?"

"न्हाई, आत्याबाई," मी म्हणाले. त्यानं झालं नव्हतं, त्याच्याआड फक्त झाकलं गेलं होतं. पण हे त्यांना कसं सांगावं ते मला सुचेना, आणि माझी स्वतःचीही नीट खात्री पटत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या नातीला घेऊन वेलाखाली गेल्या. सगळ्यात कोवळ्या दोडक्याकडे त्यांनी बोट केलं, एकदम सरळ.

"हे बघ, दोडका."

"आत्याबाई, सडंल की."

"सडू दे."

मुलीनं दोडक्याकडे बघितलं नाही. आजीकडेही नाही. तिनं आजीचं ते बोट दोन्ही हातांनी धरलं आणि जोर लावून हळूहळू वाकडं केलं. मग सोडून दिलं आणि पुन्हा भिंतीच्या पोपड्यांकडे वळली.

सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या, मी त्यांच्याकडे. इतके दिवस ती आमच्या हातांकडे बघत होती.