मोन्शाऊ जिल्ह्याचे मामा

दुसऱ्याला कंटाळा आणण्यात आमच्या हिच्या मामांच्या तोडीचा माणूस पुण्यात नाही, आणि पुण्यात ही स्पर्धा किती कडवी आहे ते मी सांगायला नको. निवृत्तीनंतर लोक टेकडी चढतात, पेटी शिकतात. जमीनमोजणी कचेरीत हयात घालवलेले मामा सदाशिव पेठेतल्या दोन खोल्यांत बसून जर्मनीतल्या मोन्शाऊ जिल्ह्याचा प्रशासकीय इतिहास लिहू लागले. बरं, जिल्हा चालू तरी असावा! तोही पन्नासेक वर्षांपूर्वी शेजारच्या आखेन जिल्ह्यात विलीन झालेला. मामा स्वतः लोणावळ्यापलीकडे गेलेले नाहीत. मंडईजवळच्या रद्दीवाल्याकडे त्यांना एक जुना जर्मन ग्रंथ मिळाला, तो वाचता यावा म्हणून साठीत ते जर्मन शिकले, आणि आम्हा नातेवाइकांचे दिवस फिरले.

माझ्या पुतणीच्या साखरपुड्यात त्यांनी वरपित्याला कोपऱ्यात गाठलं. "पहिल्या महायुद्धानंतर तिथली रेल्वेलाइन बेल्जियमला दिली. म्हणजे रूळ बेल्जियमचे आणि दोन्ही बाजूंची घरं जर्मनीची. आता आपणच सांगा, फाटक कुणी बंद करायचं?" वरपिता सज्जन, त्यांनी विचार केला. तोवर पहिली पंगत उठली. डॉक्टर रक्तदाब मोजत असताना मामा त्यांना फ्रेंच अंमल उठून प्रशियाचा कसा आला ते सांगत. रक्तदाब डॉक्टरांचा वाढे. कुणी "याचा उपयोग काय?" असं विचारलंच, तर मामा शांतपणे म्हणत, "आपल्या नोकरीचा काय आहे?"

अखेर मी त्यांची जिरवायचं ठरवलं. माझ्या मुलाच्या ऑफिसात एक जर्मन मुलगी आली होती, आणि ती निघाली नेमकी त्याच भागातली. मी तिला आणि मामांना रविवारी जेवायला बोलावलं. आमटी वाढता वाढता मीच विषय काढला. मुलगी म्हणाली, "असा जिल्हा होता? मी तर कधी ऐकलं नाही."

मी मामांकडे पाहिलं. इतका आनंद मला प्रमोशनचाही झाला नव्हता.

मामांनी फक्त तिच्या गावाचं नाव विचारलं, आणि ते आधी कुठल्या तालुक्यात होतं, मग कुठल्या, हे हात वाळेपर्यंत सांगितलं. मुलीला काय वाटलं कोण जाणे, तिने तिथूनच आजीला फोन लावला आणि मामांच्या हातात दिला. आजीचे वडील त्या जिल्हा कचेरीत शिपाई होते. मामांना तिथले सगळे जिल्हाधिकारी तोंडपाठ, पण शिपाई एकही ठाऊक नव्हता. माझ्या आठवणीत पहिल्यांदाच मामा अर्धा तास नुसते ऐकत होते. फोन ठेवून म्हणाले, "कचेरी बंद झाली तेव्हा किल्ल्या कुणाकडे द्यायच्या, ते बाईंच्या वडिलांना कुणी सांगितलंच नाही. आणि बाईंनाही याबद्दल आजवर कुणी विचारलं नव्हतं."

मग दर रविवारी दुपारी चारला त्यांचं फोनवर बोलणं सुरू झालं. मामा इस्त्रीचा शर्ट घालून बसत. मी म्हटलं, "मामा, फोनवर शर्ट दिसत नाही." ते म्हणाले, "बोलण्यात दिसतो." आम्ही यावर आठ महिने हसलो.

गेल्या महिन्यात त्या मुलीने माझ्या मुलाला कळवलं, आजी गेली. मामांना सांगायचं काम माझ्याकडे आलं. मी गेलो तेव्हा ते लिहीत होते. सांगितलं. त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"एक काम कराल?" मामा म्हणाले. "त्या मुलीला विचारा, आजींचं नाव काय होतं. मी आपला आडनावाने 'बाई, बाई' करत राहिलो. पहिलं नाव विचारायचं राहूनच गेलं."

मी तिथेच बसून फोन लावला आणि स्पीकर चालू केला. मुलीने दोनदा सावकाश उच्चारून सांगितलं. मामांनी ते तिच्या मागून हळूच म्हणून पाहिलं, आणि मग वहीचं कोरं पान काढलं.