सरळ लोंबणारी टाचणी

आमच्या कारखान्यात अणुभट्टीचे जाडजूड पोलादी भाग इलेक्ट्रॉनच्या झोताने जोडतात. मागच्या खेपेला सांधा वरून देखणा दिसला, पण आत झोत भरकटला होता. चुंबकाच्या क्रेनने उचललेल्या पोलादात थोडं चुंबकत्व उरलं होतं, त्यानेच झोत बाजूला ओढला होता. तेव्हापासून जोडकाम करणाऱ्या कदमबाई जोडण्याआधी सांध्यापाशी दोऱ्याला बांधलेली टाचणी धरतात. ती ओढली गेली की काम थांबतं.

आज टाचणी सरळ लोंबत राहिली. तरी तपासणी होईपर्यंत माझा जीव टांगणीला लागला होता.

"आतपर्यंत नीट जुळलंय, साहेब," कदमबाई म्हणाल्या.

हुश्श! मी म्हणालो, "बाई, माणसंही अशीच कुठलीतरी ओढ घेऊन येतात. आपण वरचा सांधा बघून खूश होतो."

त्यांनी टाचणी डबीत ठेवली.

"म्हणूनच मी ही घरी नेत नाही."