रेंजरसाहेबांचा महाशीर

आमच्या घराण्यात सात पिढ्यांत कोणी मासा खाल्लेला नाही, त्यामुळे रेंजरसाहेबांसाठी मासा पकडायची जबाबदारी माझ्यावर येणं अगदी साहजिक होतं.

सातवीत दोनदा नापास झाल्यावर वडिलांनी मला साताऱ्याहून उचलून चांदा जिल्ह्यात, थेट अहेरीला, ताईकडे पाठवून दिलं होतं. दाजी, म्हणजे ताईचे यजमान, तिथल्या लाकूड डेपोत कारकून. त्यांनी मला घरात जागा दिली, ताटात भात दिला आणि डेपोत सागाचे ओंडके मोजायला लावलं. पाच वर्षं मी तात्पुरता होतो. तात्पुरता माणूस झोपेतसुद्धा अंग चोरून झोपतो! दाजींनी शिंक दिली तरी मी "आभारी आहे" म्हणायच्या बेतात असे.

मला कायम करायचा कागद रेंजरसाहेबांच्या सहीसाठी अडला होता, आणि साहेबांना वेड महाशीरचं. (महाशीर म्हणजे तांबूस, ताटलीएवढ्या खवल्यांचा, अंगानं पैलवान आणि बुद्धीनं वकील असा नदीतला मासा.) दाजी त्यांच्यापुढे सहज बोलून गेले, "माझा मेहुणा कृष्णाकाठचा आहे, साहेब. गळ टाकण्यात वाघ!"

"असं? मग चैत्रात मी येतो. मासा तयार ठेवा," साहेब म्हणाले.

कृष्णेच्या काठावर मी धोतर धुण्यापलीकडे काहीही केलेलं नव्हतं. पण दाजींना "नाही" कसं म्हणायचं? त्यांच्याच ताटात जेवत होतो.

प्राणहितेच्या काठावर पोचूभाऊ ढीवराचं घर होतं. सारा जन्म नदीत गेलेला माणूस. त्याला गाठून मी म्हटलं, "पोचूभाऊ, मला महाशीर धरायला शिकवा."

त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुमाले? बाबू, तुमी तं मुंगी चावली तं तिले 'माफ करजो' म्हनता!"

"नोकरीचा प्रश्न आहे हो."

"माशाले काय ठाव तुमची नोकरी?" तो हसला. मग मला उंबराच्या डोहावर घेऊन गेला. काठावर जुनं उंबराचं झाड, खाली काळंभोर खोल पाणी. "हा डोह आमी बियाण्याचा ठेवला जी. इथी कोनी ढीवर जाळं टाकत नाई. पुरात मासे इथूनच वर चढते, अंडे घालते, मंग साऱ्या नदीले मासे भेटते. माह्या बापाच्या वक्ताले असे चार डोह व्हते. सडकवाले आले, तीन डोह सुरुंगानं उडवले. आता हा एकच राह्यला. तुमी एक मासा न्या, गळानं. जाळं नाई, सुरुंगाची बत्ती नाई. कबूल?"

मी छातीवर हात ठेवून कबूल म्हटलं.

साहेबांनी आगाऊ एक पितळी चमचा पाठवला होता. तो पाण्यात फिरवला की माशाला लहान मासळी वाटते म्हणे! पोचूभाऊनं तो उलटसुलट करून परत दिला. "चमच्यानं आपन खातो जी. मासा नाई खात. तो उंबर खाते, पिकलेलं." तेव्हा मी आठवडी बाजारात लोहाराकडून गळ घडवून घेतला. भीतीपोटी जरा मोठाच सांगितला. त्याला बोकड टांगता आला असता! दोर जाड, काठी बांबूची, वजनाला शिसं.

पहिल्या दिवशी गळ उंबराच्या फांदीत अडकला. दुसऱ्या दिवशी माझ्या सदऱ्यात. तिसऱ्या दिवशी काठावर चरणाऱ्या एका म्हशीच्या शेपटीत. दोर माझ्या मनगटाला बांधलेला होता, म्हणून अर्धा मैल मीच महाशीर झालो!

"बाबू, तुमी मासा नका धरू," पोचूभाऊ पोट धरून म्हणाला, "माशालेच बोलवा. रोज सकाळी एकाच वक्ताले, एकाच जागी पिठाच्या गोळ्या टाका. महिनाभर. भेव गेलं का हातातनं खाईल. मंग एका गोळीत गळ ठेवजा."

हे जमण्यासारखं होतं. घाबरून घाबरून खायला घालणं आणि खाणं, या दोन्ही बाबतींत मी तयार होतो. रोज सकाळी मी ताईच्या डब्यातलं तांदळाचं पीठ चोरून डोहावर जाऊ लागलो. आठ दिवसांत पाण्यावर तांबड्या पाठी दिसायला लागल्या. दहाव्या दिवशी मागून आवाज आला, "दत्तू!"

ताई! हातात पिठाचा रिकामा डबा. मी म्हटलं, संपलं. पण तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"माझ्यासाठी करतोयस ना रे हे?"

ताईला सातवा महिना होता. आधीची दोन मुलं पोटातच गेली होती. माहेरी आमची आजी सांगे की माशांना पिठाच्या गोळ्या घातल्या की गरोदर बाईचं अरिष्ट टळतं. ताईची समजूत झाली की मुका, बावळा भाऊ बहिणीसाठी गुपचूप नवस फेडतोय!

आता अशा वेळी सभ्य माणूस खरं सांगतो. मी म्हटलं, "हो."

दुसऱ्या दिवसापासून ताईच यायला लागली, रोज एकशे आठ गोळ्या घेऊन. काठावर बसून टाळी वाजवायची, की सगळा डोह वर! आडदांड मासे तिच्या हाताला तोंड लावत. त्यांतला सर्वांत मोठा मुद्दाम उशिरा यायचा, दोनदा तोंड फिरवायचा आणि मग सर्वांत जास्त खायचा. ताईनं त्याचं नाव ठेवलं जावई. सडकेवरचे मजूर कामं टाकून बघायला उभे राहात. मला तर अभिमान वाटे. (माझ्या अकलेचा याहून मोठा दाखला नाही.)

साहेब यायच्या आदल्या दिवशी मी दाजींना सगळं सांगितलं. "दाजी, ताईच्या नवसाचे मासे आहेत. गळ कसा टाकू?"

दाजींनी पान लावता लावता शांतपणे सांगितलं, "मासे तिचे. नोकरी तुझी. आणि घर माझं आहे, एवढं लक्षात ठेव म्हणजे झालं."

त्या रात्री मी आयुष्यातला एकमेव धाडसी बेत केला. साहेबांना उंबराच्या डोहावर न्यायचंच नाही! सकाळी त्यांना मैलभर खालच्या, गुडघाभर पाण्याच्या एका खड्ड्यावर नेऊन बसवलं. साहेबांची चकचकीत चक्रीची काठी, इंग्रजी दोर, पितळी चमचा. तीन तास झाले. चमच्याला दोनदा शेवाळ लागलं आणि एकदा दाजींची टोपी.

"इथे मासे आहेत ना?" साहेबांनी विचारलं.

"आहेत साहेब, पण लाजाळू."

"तुझा कागद माझ्या खिशात आहे," साहेब म्हणाले, "आणि मी दुपारी जाणार आहे."

दाजी माझ्याकडे असं बघत होते की मी नदीत उडीच टाकणार होतो, पण पाणी गुडघाभर. आणि तेवढ्यात वरच्या अंगाला धडाम्‌ झालं. उंबराच्या डोहाच्या बाजूनं.

मी धावलो. दाजी मागून.

डोहावर सगळीकडे पांढरी पोटं तरंगत होती. सडकेच्या कंत्राटदाराची माणसं पाण्यात उतरून टोपल्या भरत होती. त्यांच्या मुकादमानं मला पाहून आनंदानं हात केला. "या या बाबू! घ्या, लागतील तेवढे घ्या! तुमच्या बहिनीनं सारे एका जागी जमवले म्हून एका बत्तीत काम झालं. नाईतं पाच लागल्या असत्या!"

"पण टाळी कोणी वाजवली?" मी वेड्यासारखं विचारलं.

"आमीच वाजवली ना जी!"

ताई काठावर उभी होती. हातात ताट, ताटात एकशे आठ गोळ्या. ती रडली नाही. नुसती माझ्याकडे बघून म्हणाली, "दत्तू, माणसाच्या हाताला घाबरायचे ते. आपणच त्यांची भीती घालवली रे."

पोचूभाऊ उंबराखाली बसला होता. मी जवळ गेलो तर त्यानं मान वर केली नाही. "बियाणं गेलं बाबू," एवढंच म्हणाला. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

दाजी मात्र पाण्यात उतरले होते. त्यांनी निवडून सर्वांत मोठा मासा उचलला. तो जावई होता. त्यांनी तो माझ्या हातात दिला, माझी बांबूची काठी दुसऱ्या हातात दिली आणि मला खालच्या खड्ड्यावर परत नेऊन साहेबांपुढे उभं केलं. "धरला एकदाचा, साहेब! सांगितलं नव्हतं, वाघ आहे?"

साहेबांनी मासा हातात तोलला. जाणता माणूस. माशाचं तोंड उघडून आत बोट फिरवलं, कल्ले पाहिले, फुटलेलं पोट दाबून पाहिलं.

"गळाची खूण कुठे आहे?"

मी हात जोडले आणि तोंडातून निघून गेलं, "साहेब, मासा फार समजूतदार होता."

साहेबांनी मासा खाली ठेवला. मग असे हसले, असे हसले, की डोळे पुसावे लागले. "वरचा स्फोट मला ऐकू आला नाही असं वाटतं का तुला? पण इतका सरळ चेहरा ठेवून खोटं बोलणारा माणूस डेपोत हवाच!" आणि जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून त्यांनी सही केली. मी कायम झालो.

पुढे ताईला मुलगी झाली, धडधाकट. पण ताई महिनाभर माझ्याशी बोलली नाही. भात मात्र वेळेवर वाढला. त्या भातानं घशाला जितका त्रास दिला, तितका कुठल्या काट्यानं दिला नसता.

मी साहेबांचे पाय धरून आभार मानले. दाजींचे मानले. पोचूभाऊच्या दारापर्यंत गेलो आणि परत आलो. येताना सडकेवर तोच मुकादम भेटला, तर सवयीनं त्यालाही हात जोडले.

"आभार कायचे जी?" त्यानं विचारलं.

"नोकरी कायम झाली. तुमच्यामुळे."

तो खूश झाला. विडी पुढे करून म्हणाला, "असा आनखी एखादा डोह हाय का हो बाबू कुठी?"

आणि तेव्हा, वीस वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदाच, मी एका माणसाला तोंडावर ठणकावून नाही म्हटलं. म्हणजे, "सध्या तरी नाही जी," असं म्हटलं.