नळ खोटं बोलते

इंगळे काका आमच्या घरी दिलेलं पाणी कधी सरळ प्यायचे नाहीत. पेला हातात आला की आधी तो उजेडाकडे धरायचे, मग वास घ्यायचे, मग मोरीतला नळ सोडून धारेकडे बघत उभे राहायचे. आई चिडायची. "भाऊजी, इख नाई घातलं त्यात."

"तुमी नाई घातलं वैनी. पन पाईपाचं कोनं सांगावं?" असं म्हणून मग घटाघटा पिऊन टाकायचे.

हा त्यांचा धंदाच होता म्हणा. काका नात्यातले नव्हेत; ते आणि माझे वडील रघुनाथराव, दोघेही जळगाव जामोदच्या पाणीपुरवठ्यात व्हॉल्व्हमन. लोखंडी चावी खांद्यावर टाकून गल्लोगल्ली पाणी सोडत फिरायचे. आमच्याकडचं पाणी खारं. पाईप आतून क्षारानं भरत जातो आणि बाहेरून ठणठणीत दिसतो. काका त्यावर पाना मारून कान लावायचे. कुणी म्हटलं, धार तर चांगली आहे, की त्यांचं उत्तर ठरलेलं: "नळ खोटं बोलते. अर्धा पाईप बुजला तरी धार तशीच दाखवते. पुरा बुजल्यावर सांगते, मंग त्याच्या सांगन्याचा काय उपेग?"

कापलेल्या पाईपाचा वीतभर तुकडा त्यांनी टीव्हीशेजारी शोभेच्या वस्तूसारखा ठेवला होता. आत पांढरा थर, मधून जेमतेम करंगळी जाईल एवढी वाट. पाहुणा आला की चहाच्या आधी तो तुकडा त्याच्या हातात. मुलीसाठी स्थळ आलं, सगळे म्हणाले मुलगा चांगला आहे, तर हे त्या गावी जाऊन मुलाच्या न्हाव्याकडे दाढी करून आले. लग्न झालं, पण न्हाव्यानं हो म्हटल्यावर.

माझे वडील एक्कावन्नाव्या वर्षी गेले. छातीत जड वाटतं म्हणून काकाच त्यांना दवाखान्यात घेऊन गेले होते. हृदयाची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढली, नॉर्मल आली. दोघं येताना भजी खाऊन आले. चौथ्या दिवशी वडील पाण्याच्या टाकीखाली कोसळले आणि काकांच्या मांडीवरच गेले. तेव्हापासून 'नॉर्मल' हा शब्द काकांपुढे काढायची सोय राहिली नाही. "नॉर्मल म्हंजे? आत जाऊन कोनं पाह्यलं?" म्हणत अंगावरच यायचे.

मी शाळेत क्लार्क. पंचेचाळिशीला आलो तेव्हा गालात कायम तंबाखू-सुपारीचा खर्रा आणि शाळेचा एक जिना चढला की धाप. काकांचं लक्ष माझ्या धापेवर होतं. एक दिवस पाणी तपासता तपासता म्हणाले, "सुध्या, मानेची सोनोग्राफी करते म्हन्तात. नस आतून दिसते. दाखवून ये."

मी भडकलो. माझाही स्वभाव काही गोड नाही. म्हटलं, "काका, हे सारे गिऱ्हाईक पकडाचे धंदे हायेत. आज मान पाह्यतीन, उद्या छातीत स्प्रिंग टाकतीन. अन् मले काय झालं? मागच्या साली पट्टी काढली, नॉर्मल हाय."

शब्द तोंडातून गेला आणि माझी मलाच लाज वाटली. काकांनी पेला तसाच खाली ठेवला. "तुह्या बापालेही मीच म्हनलो होतो," ते म्हणाले. "पट्टी नॉर्मल हाय रघू, आता काऊन भेतं? जिंदगीत एकदाच धारेवर भरोसा ठेवला मी." पाणी न पिता निघून गेले.

तीन आठवडे फिरकले नाहीत. मग एका सकाळी दारात उभे. "मशीन तपासून आलो. खरं बोलते. चाल." मशीन कशी तपासली ते काही सांगेनात. मी आईच्या तोंडाकडे पाहून मुकाट्यानं खामगावच्या बसमध्ये बसलो.

सोनोग्राफी सेंटरात सगळ्या पोटुशा बाया. त्यांच्यात मी एकटा बाप्या, मान खाली घालून बसलेला. समोर पाटी: येथे गर्भलिंग निदान केले जात नाही. काकांनी ती दोनदा वाचली. "पाह्य बे. जे करत नाई ते एवढं मोठं लिवलं. जे करते ते काऊन नाई लिवलं?" दोन बाया पदर तोंडाला लावून हसल्या.

तेवढ्यात काउंटरवरच्या मुलीनं वर पाहिलं. "अरे, रघुनाथराव! तुम्ही परत?"

मी दाराकडे वळून पाहिलं. माझ्या बापाचं नाव मी कितीतरी वर्षांत कुणाच्या तोंडून हाक म्हणून ऐकलं नव्हतं. आणि इंगळे काका उभे राहून म्हणाले, "हाव. आज पोराले आनलं."

ते खाली बसताच मी त्यांचा दंड धरला. "काका, बाबाचं नाव?"

"हळू बोल." ते कानाशी आले. "आधी अकोल्याले माह्या नावानं मान पाहून घेतली. मंग इथं दुसऱ्या नावानं. एकच नाव दिलं असतं तं हे एकमेकाले फोन करतीन अन् रिपोर्ट जुळवून घेतीन. म्हनून. पन त्या पोरीनं नाव इचारलं अन् मले दुसरं सुचलंच नाई बे."

"अन् रिपोर्ट?"

"जुळले. डाव्या बाजूनं पाईप बुजून राह्यला. गोया चालू केल्या."

चिडावं की पाया पडावं, मला कळेना. माझ्यावर बेभरवशाची मशीन लागू नये म्हणून हा माणूस त्र्याहत्तराव्या वर्षी स्वतःची मान दोन गावांत दाखवून आला होता.

आत डॉक्टरांनी मानेला थंडगार जेल लावलं. काका हट्टानं पडद्यासमोर उभे. करड्या चित्रात नसेच्या भिंतीला एक पांढुरका फुगवटा होता. डॉक्टर म्हणाले, "मानेची नस वरच असते, म्हणून दिसते. इथं साचलं असेल तर हृदयाच्या नसांतही साचत असण्याची शक्यता असते. अजून त्रास नाही, तेच बरं. गोळी सुरू करू आणि खर्रा आजपासून बंद. घराण्यात कुणाला होतं का?"

मी तोंड उघडायच्या आत काका म्हणाले, "याचा काका एक्कावन्नाव्या साली गेला डाक्टर. पट्टी नॉर्मल होती."

"आणि तुमची डावी नस मी पाहिलीच आहे," डॉक्टर त्यांना म्हणाले. "बाप-लेकांची एकच बाजू." काका पडद्याकडेच बघत राहिले. मीही दुरुस्ती केली नाही. त्या खोलीत माझा बाप काका झाला होता आणि काका बाप.

खर्रा सुटला, म्हणजे काकांनी सोडवला. पाण्याआधी आता माझ्या तोंडाचा वास घेणं सुरू झालं. "सोडला" या शब्दावर त्यांचा विश्वास नव्हताच. दर वर्षी खामगावला दोघं सोबत जायचो, काउंटरवर रघुनाथराव म्हणून हाक आली की ते सवयीनं उठायचे. गेल्या उन्हाळ्यात ते गेले, हृदयानं नाही, किडनीनं. शेवटच्या दिवसांतही सलाईनच्या नळीला टिचकी मारून थेंब बघायचे.

मागच्या महिन्यात मी एकटाच खामगावला गेलो. डॉक्टरांनी मान पाहिली. म्हणाले, थर वाढलेला नाही. मी म्हटलं, दुसऱ्या बाजूनं परत एकदा बघा. ते हसले आणि पुन्हा बघितलं. तेवढंच होतं. मग कागद पुढे सरकवत त्यांनी विचारलं, "या वेळी वडील नाही आले?"

"गेले," मी म्हणालो. बाप टाकीखाली गेला तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो, आणि सगळ्यांना सावरता सावरता माझं रडायचंच राहून गेलं होतं. ते त्या खुर्चीत, मानेचं जेल न पुसता, रडून झालं.