वायरमनच्या पोरीचं आयटीआय

आमची ऋतुजा लहानपणापासनं उपद्व्यापी. घड्याळ दिसलं की खोल, मिक्सर दिसला की खोल. दहावी झाली तशी म्हणली, "आई, मी सोलापूरला आयटीआयला जाणार. इलेक्ट्रिशियन व्हणार." माज्या हातातली परात खाली पडली. आगं, ज्या करंटनं बापाचा उजवा हात खाल्ला, त्याच करंटच्या मागं लागणार व्हय तू!

मालक वायरमन हुते, हितंच मंद्रूपात. डीपी बंद करून खांबावर चढले, आणि कुणाच्या तरी जनरेटरचा करंट उलटा तारंत आला. जीव वाचला, हात वाळला; बोटं हालंनाशी झाली. तवापासनं मी लाईटचं बटण लाकडी उलथन्यानं दाबते. हसा खुशाल.

तरी पोरगी गेलीच. सकाळच्या एसटीनं जायची, सांजंला यायची, तवर माजा जीव टांगणीला.

दिवाळी झाली, आणि एक दिवस ती दुपारीच घरी आली. ओठ पांढरे फटक. प्रॅक्टिकलला बोर्डाला हात लावला आणि झटका बसला. लई मोठा न्हाय, पण बसला. दप्तर कपाटावर टाकून म्हणली, "मला न्हाय शिकायचं आता. तार दिसली की पप्पांचा हातच दिसतोय." मी वरनं "ऱ्हाऊ दे बाई" म्हणले आणि आतनं सिद्धेश्वराला नारळ बोलले. खोटं कशाला सांगू? बरं वाटलं मला.

पण ती घरात नुसती बसून. मिक्सर जळाला, तर तिनं वाकून बगितलं बी न्हाय. हीच का माजी पोरगी? आता मला दुसरंच भ्या वाटाय लागलं.

एकदा जेवताना तिनं एकदम इचारलं, "पप्पा, त्या दिवशी साखळी टाकलीती का?"

मी म्हणले, "कसली साखळी?"

"तारांवर साखळी टाकून ती जमिनीला जोडायची असती, आई. मग उलटा करंट आला तरी जमिनीत जातोय."

मालक ताटाकडं बगत म्हणले, "न्हाय टाकली. दोन मिनिटाचं काम, म्हणलं कशाला."

इतकी वर्सं मी नशिबाला शिव्या घातल्या, त्या जनरेटरवाल्याच्या दारावरनं तोंड फिरवून गेले, आणि ह्यांनी साखळीच टाकली नव्हती! लई भांडले मी. "तोंडात मूग धरलेते का इतके दिवस?" ऋतुजा मात्र हळूच म्हणली, "मी बी त्या दिवशी टेस्टर लावून करंट हाय का बगितलं नव्हतं." दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं दप्तर खाली काढलं.

मला जा म्हणवंना, ऱ्हा बी म्हणवंना. शेवटी मी बी तिच्यासंगं एसटीत बसले. आयटीआयच्या दारात तिचे सोमशेखर सर भेटले. म्हणले, "बाई, बाहेर कशाला? आत या की."

आत ती बोर्डापुढं हुबी. तिनं आधी टेस्टर काढला. एकदा लावला, परत लावला. ओरडू नये म्हणून मी तोंडात पदर कोंबला. मग तिनं हात घातला, तारा जोडल्या, बटण दाबलं.

पोरांनी टाळ्या वाजवल्या. बल्ब पेटला म्हणत्यात. मी बगितलाच न्हाय. मी तिची बोटं बगत हुते. हालत हुती.